माझा डावा कान आणि तुमचं परिपत्रक : शाळेच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
स. न. वि. वि.

माझी मुलगी तुमच्या शाळेत दुसरीत आहे. गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्या पालकांना एक परिपत्रक पाठवलंत. येत्या वर्षापासून प्रवेशाच्या वेळी मुलांचं लसीकरण कार्ड मागितलं जाणार नाही, लस द्यायची की नाही हा त्या त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे, असं त्यात म्हटलं आहे. सोबत एक चार पानी पत्रक जोडलं आहे. त्याचा मथितार्थ असा की आजार अंगावर काढून शरीर जी प्रतिकारशक्ती कमावतं ती अस्सल आणि लसीतून येते ती नकली.

यावर मी दोन अर्ज दिले. पहिल्याची पोचही मिळाली नाही. दुसऱ्यावर कार्यालयातून तोंडी उत्तर आलं, "निर्णय झालेला आहे." पालक सभेत विचारायला उभी राहिले तर वेळ संपली होती. म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध काय ते सांगते. माझ्याकडे गालगुंडाची अस्सल, नैसर्गिक, अगदी तुमच्या पत्रकाबरहुकूम प्रतिकारशक्ती आहे. ती मी सातव्या वर्षी कमावली. दोन्ही गाल सुजले, ताप आला, आठवड्याभरात सूज उतरली. लहानपणीच होऊन गेलं ते बरं झालं, असं घरी येणाऱ्या प्रत्येकानं सांगितलं. डाव्या कानानं ऐकू येत नाही हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. लहान मुलाला एक कान गेल्याचं कळत नाही, कारण दुसरा कान मुकाट्यानं सगळं ओढत राहतो. काही महिन्यांनी मी फोनचा रिसीव्हर डाव्या कानाला लावला आणि म्हणाले, फोन बंद पडलाय. आईनं माझ्या हातातून घेऊन ऐकला आणि परत माझ्या कानाला लावला. मी पुन्हा म्हणाले, बंद आहे. त्या क्षणीचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

गालगुंडाचा विषाणू क्वचित आतल्या कानापर्यंत पोचतो आणि तिथल्या नाजूक पेशी मारतो. बहुतेकदा एकाच बाजूच्या. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात, त्यामुळे कोणी हाक मारली की मी आजही आधी चुकीच्या दिशेला वळते. वर्गात बाईंना वाटायचं, हिचं लक्ष नसतं.

प्रतिकारशक्ती मिळाली का? मिळाली. मला गालगुंड पुन्हा झालं नाही. मालाबद्दल माझी तक्रार नाहीच, तक्रार आहे ती बिलाबद्दल. आणि तुमच्या पत्रकाच्या चारही पानांवर बिलाचा उल्लेख नाही.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा शब्दांचा, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. 'नैसर्गिक' विरुद्ध 'कृत्रिम' असा दोन रकान्यांचा तक्ताच तुम्ही छापला आहे. लस टोचल्यावर शरीरात काय घडतं हे तो तक्ता करणाऱ्यानं एकदा तरी वाचलं असतं तर बरं झालं असतं. सिरिंजमध्ये प्रतिकारशक्ती भरलेली नसते. तिच्यात असतो जंतूचा एक नमुना: दुबळा केलेला विषाणू, नाहीतर मेलेला जंतू, त्याच्या अंगावरच्या प्रथिनाचा तुकडा किंवा ते प्रथिन बनवण्याची निव्वळ कृती. तो नमुना आपल्याच पेशी उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात. तिथे असंख्य बी-पेशींमधून, म्हणजे जंतूला पकडणारी प्रथिनं (प्रतिपिंडं) बनवणाऱ्या पेशींमधून, ज्या मोजक्या पेशींशी तो जुळतो त्यांची निवड होते. त्यांची संख्या वाढते, त्यांची प्रतिपिंडं दिवसेंदिवस अधिक नेमकी होत जातात. मग त्यातल्या काही पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं तयार करत बसतात, तर काही नुसती आठवण जपत शरीरभर फिरत राहतात. आजारातही हेच होतं. त्याच ग्रंथी, त्याच पेशी, तीच आठवण. फरक एवढाच की आजारात जंतू आधी घरात घुसतो, वाट्टेल तसा वाढतो आणि शरीर त्याच्याशी झुंजता झुंजता शिकतं. लसीत शिकवणी आधी होते.

माझ्याच आजाराची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांच्या मुलीला, जेरिल लिनला, गालगुंड झालं. बापानं तिच्या घशात कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला आणि प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. पुढे कोंबडीच्या अंड्यांत आणि कोंबडीच्या पेशींत तो विषाणू पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. चाचण्यांच्या काळात ही लस ज्यांना दिली गेली त्यांत जेरिलची धाकटी बहीण कर्स्टनही होती. १९६७ मध्ये लस वापरात आली, आणि त्या वाणाला आजही 'जेरिल लिन' असंच नाव आहे. म्हणजे एकाच घरातल्या दोन मुली आणि मूळ विषाणू एकच. थोरलीच्या शरीरानं तो आजारातून ओळखला, धाकटीच्या शरीरानं लसीतून. तुमच्या तक्त्यात धाकटीला कोणत्या रकान्यात बसवणार?

दुसरा मुद्दा. पत्रक सगळ्या रोगांना एकाच मापानं मोजतं. 'एकदा आजार होऊन गेला की जन्मभराची निश्चिंती', हे वाक्य त्यात तीनदा आहे. काही रोगांबाबत ते खरंही आहे, आणि ते मान्य करताना मला कमीपणा वाटत नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ नंतर पासष्ट वर्षं गोवर आलाच नव्हता. १८४६ मध्ये आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० जणांना त्यानं गाठलं. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गावोगाव फिरला. १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता ते म्हातारे तेवढे सुटल्याचं त्यानं नोंदवलं. पासष्ट वर्षं टिकलेली आठवण! नैसर्गिक प्रतिकारशक्तीचं याहून चांगलं उदाहरण तुमच्या पत्रकात नाही. हवं तर पुढच्या आवृत्तीत घ्या.

पण हाच नियम धनुर्वाताला लावून बघा. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. त्या जिवाणूचं विष इतकं जहाल असतं की माणूस मारायला जेवढं पुरतं तेवढंसुद्धा प्रतिकारयंत्रणेला नीट ओळख पटवायला पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून उठलेल्या रुग्णालाही लस द्यावी लागते. घटसर्पाचंही बरंचसं असंच. डांग्या खोकला होऊन गेला तरी काही वर्षांनी संरक्षण विरतं, आणि लसीचंही विरतं; तिथे दोघंही सारखेच अर्धवट. दोन वर्षांखालच्या बाळांना हिब नावाच्या जिवाणूमुळे मेंदूज्वर झाला तरी त्यांच्या शरीरात भरवशाची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. लसीत त्या जिवाणूच्या शर्करेच्या कवचाला प्रथिन जोडलेलं असतं, त्यामुळे लसीनं ती तयार होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूबाबतही लसीनंतरची प्रतिपिंडं आजारानंतरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. कांजिण्या झाल्या की संपलं म्हणतात, पण संपत नाही. तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी नागीण होऊन बाहेर येतो. 'कांजिण्या मुद्दाम होऊ द्या' असा सल्ला पत्रकाच्या तिसऱ्या पानावर आहे. नागीण झालेल्या कोणा माणसाशेजारी एक रात्र काढलेल्यानं तो लिहिला नसावा.

गालगुंडाबद्दलही खरं तेच सांगते, नाहीतर तुमच्यात आणि माझ्यात फरक राहणार नाही. गालगुंडाची लस ही काही सगळ्यांत दणकट लस नव्हे. दोन डोसांनी मिळणारं संरक्षण गोवराच्या लसीपेक्षा कमी असतं, वर्षं सरतात तसं ते उतरतं, आणि लस घेतलेल्या तरुणांमध्येही साथी येऊन गेल्या आहेत. तरीही लस घेतलेल्यांमध्ये आजार सौम्य असतो आणि कानापर्यंत जाण्याचं प्रमाण कमी असतं. एवढ्याचं मोल काय, ते एका कानाच्या माणसाला विचारावं.

तिसरा मुद्दा बिलाचा. पत्रकात गोवराला 'बालपणीचा साधा आजार' म्हटलं आहे. लस येण्यापूर्वी एकट्या अमेरिकेत दर वर्षी तीस ते चाळीस लाख लोकांना गोवर व्हायचा. त्यात सुमारे ४८,००० जण रुग्णालयात जायचे, सुमारे १,००० जणांच्या मेंदूला सूज यायची आणि ४०० ते ५०० दगावायचे. हे चांगली रुग्णालयं असलेल्या देशातलं. जगभरात आजही गोवर वर्षाला लाखभर जीव घेतो, आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं असतात. साधा म्हणजे नेमका किती साधा?

याहून चमत्कारिक गोष्ट अलीकडे कळली. प्रतिकारशक्ती कमावण्यासाठी गोवर होऊ द्या म्हणणाऱ्यांनी ती आवर्जून वाचावी. गोवराचा विषाणू नेमका त्या आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ मध्ये संशोधकांनी नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवर होण्याआधी आणि झाल्यानंतर तपासलं. वेगवेगळ्या जंतूंविरुद्धची त्यांची प्रतिपिंडं ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. म्हणजे त्या मुलांनी तोवर सर्दी-खोकले काढून, तापात तळमळून जी नैसर्गिक प्रतिकारशक्ती कमावली होती ती गोवरानं पुसून टाकली. आता ती परत कमावायची तर ते सगळे जंतू पुन्हा भेटले पाहिजेत. गोवरानंतर दोन-तीन वर्षं मुलं इतर आजारांनीही जास्त का दगावतात, याचा उलगडा यातून होतो. गोवराच्या लसीनं असं होत नाही. तेव्हा तुमच्या मुलाच्या नैसर्गिक प्रतिकारशक्तीची तुम्हाला खरंच काळजी असेल, तर तिचं रक्षण करणारी गोष्ट म्हणजे गोवराची लस.

(पत्रकात 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्रही ठिकठिकाणी आहे. प्रतिकारशक्ती ही नळाची तोटी नव्हे, जास्त सोडली की जास्त चांगली. ती बेभान झाली की दमा होतो, ॲलर्जी होते, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतं. हवा असतो तो नेमकेपणा. पोषण आणि झोप यांची गरज आहेच. कुपोषित मुलाला गोवर फार जड जातो आणि जीवनसत्त्व 'अ' दिल्यानं मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. पण धडधाकट मूलही गोवराचा विषाणू न भेटता त्याला ओळखू शकत नाही.)

चौथा मुद्दा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा. 'हा खासगी प्रश्न आहे.'

माझ्या घरात सहा महिन्यांचा मुलगा आहे. त्याच्याकडे सध्या जी प्रतिकारशक्ती आहे ती खरोखरच उसनी आहे: माझी प्रतिपिंडं, नाळेतून त्याला मिळालेली, आणि ती दर महिन्याला उतरत चालली आहेत. त्याला गोवराची लस अजून द्यायची आहे, कारण ही उसनी प्रतिपिंडं रक्तात असताना लस नीट लागू पडत नाही. म्हणजे मधले काही महिने तो उघड्यावर आहे. त्याला गोवर येईल तो त्याच्या बहिणीच्या दप्तराबरोबर. तिचे दोन डोस झाले आहेत, पण दोन डोसांनीही शंभरातली साधारण तीन मुलं निसटतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो. एक रुग्ण, आसपास कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देतो. ही साखळी तोडायची तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना संरक्षण असावं लागतं. वर्गात चाळीस मुलं असतील तर दोन मुलांपुरती सवलत आहे. ती सवलत कोणासाठी राखायची? तुमच्याच शाळेत एक मूल कर्करोगाच्या उपचारांवर आहे हे सगळ्या पालकांना माहीत आहे. त्याला जिवंत विषाणूची लस देताच येत नाही. राखीव जागा त्याची आहे. खासगी निवडीच्या नावाखाली तुम्ही ती वाटून टाकलीत.

रुबेलाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मुलाला रुबेला झाला तर काय होतं? थोडा ताप, थोडं पुरळ, तीन दिवसांत मूल खेळायला मोकळं. पत्रकाच्या भाषेत याहून स्वस्त सौदा नाही. पण तेच मूल एखाद्या गरोदर बाईजवळ गेलं तर? १९४१ मध्ये नॉर्मन ग्रेग हे ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर एका गोष्टीनं चक्रावले होते. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली इतकी बाळं एकदम कुठून आली? त्या आयांच्या बोलण्यातून त्यांना धागा सापडला, गरोदरपणाच्या सुरुवातीला त्यांना रुबेला होऊन गेला होता. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेलाचे दोष घेऊन जन्मली. त्यातली हजारो कर्णबधिर होती. ज्या मुलांमुळे त्या आयांना लागण झाली ती कधीच बरी झाली होती, आणि त्यांच्याकडे उत्तम नैसर्गिक प्रतिकारशक्ती होती. बिल दुसऱ्याच्या नावावर फाटलं होतं. आपल्या शाळेत तरुण शिक्षिका किती आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पाचवा मुद्दा थोडक्यात. 'स्वच्छता आली आणि रोग आपोआप गेले, श्रेय लशीनं लाटलं' असं पत्रक म्हणतं. पटकी, विषमज्वर यांबाबत स्वच्छ पाण्याचं श्रेय निर्विवाद आहे. गोवराचे मृत्यूही लस येण्यापूर्वी, चांगल्या पोषणानं आणि शुश्रूषेनं, बरेच कमी झाले होते. लागण मात्र कमी झाली नव्हती. ती लसीनंतरच कोसळली. हवेतून येणाऱ्या विषाणूला तुमचे धुतलेले हात दिसत नाहीत. पोलिओचं तर उलटंच झालं. अस्वच्छ काळात बहुतेकांना तान्हेपणीच, आईच्या प्रतिपिंडांच्या छत्राखाली लागण होऊन जायची. स्वच्छता वाढली तशी लागण लांबली आणि मोठ्या वयात लुळेपण आणू लागली. विसाव्या शतकात पोलिओच्या मोठ्या साथी स्वच्छ देशांत आल्या त्या याच कारणानं.

सहावा मुद्दा तुमच्याविरुद्ध नाही, किंवा फक्त तुमच्याविरुद्ध नाही. तुमच्या परिपत्रकाचं काही पालकांनी स्वागत केलं. त्यांना अडाणी ठरवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. लसींचंही बिल असतं आणि ते लपवल्यानं भीती वाढते. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीनंतर साधारण तीन-चार हजारांतल्या एका मुलाला तापात झटका येतो. तो बहुतेकदा काही इजा न करता जातो, पण आईबापांचा जीव घाबराघुबरा करतो. गंभीर ॲलर्जी दहा लाखांत एखादी. १९५५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या पोलिओ लसीतला विषाणू पुरता मेलेलाच नव्हता. त्यातून कितीतरी मुलं लुळी झाली आणि दहा जण दगावले. १९९९ मध्ये बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची पहिली लस, आतड्यात आतडं अडकण्याचा धोका दिसल्यावर, वर्षभरातच थांबवली गेली. हे धोके शोधले कोणी? लसीकरणावर नजर ठेवणाऱ्या डॉक्टरांनीच. पत्रकात ही दोन्ही प्रकरणं असती तर मी समजू शकले असते. त्याऐवजी या लसीमुळे मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) होते, हा जुना दावा आहे. तो १९९८ मध्ये अवघ्या बारा मुलांवरून केला गेला होता, तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत त्याला काडीचाही आधार सापडला नाही.

विश्वास एकदा गेला की काय होतं हे प्रशांत महासागरातल्या सामोआ या देशात दिसलं. २०१८ मध्ये तिथे परिचारिकांनी लसीच्या पावडरीत पाण्याऐवजी चुकून दुसरंच औषध मिसळलं आणि दोन बाळं गेली. चूक लसीची नव्हती, माणसांची होती. सरकारनं लसीकरण थांबवलं, अफवा मोकाट सुटल्या, लस घेतलेल्या बाळांचं प्रमाण घसरून ३१ टक्क्यांवर आलं. पुढच्याच वर्षी गोवर आला. दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात ८३ जणांचा बळी गेला, आणि त्यातली बहुतेक लहान मुलं होती. आधीच्या दोन बाळांच्या आईबापांना कोणी वेळीच सरळ, खरी माहिती दिली असती तर? शाळा ही माहिती देण्याची जागा आहे. तुम्ही तिथे तो तक्ता छापलात.

आणि एक जुनी तक्रारही यात नोंदवते. गेल्या वर्षी वर्गात कांजिण्या आल्या तेव्हा आम्हाला नवव्या दिवशी कळवलंत, तेही फलकावर लावून. संपर्कानंतर लस द्यायची तर कांजिण्यांसाठी तीन ते पाच दिवस हातात असतात, गोवरासाठी ७२ तास. नवव्या दिवशीची सूचना फक्त वाचण्यापुरती असते. त्यात गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच आजार पसरवत असतो, म्हणजे कळतं तेव्हाच उशीर झालेला असतो. अशा वेळी कोणत्या मुलांना संरक्षण नाही याची यादी कार्यालयात तयार हवी. तुमच्या नव्या निर्णयानंतर ती असणारच नाही.

तेव्हा माझ्या मागण्या लिहिते.

लसीकरण कार्ड प्रवेशाच्या वेळी पूर्वीसारखंच मागा. कार्ड मागणं म्हणजे सक्ती नव्हे. ज्या पालकांना लस द्यायची नाही त्यांनी तसं लिहून द्यावं. त्यांच्या मुलाला प्रवेश नाकारा असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. शिक्षा मुलाला कशाला? पण नोंद हवी, आणि ती गोपनीय राहायला हवी.

वर्गात गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, डांग्या खोकला यांपैकी काहीही आढळलं तर त्याच दिवशी, मुलाचं नाव न सांगता, त्या वर्गाच्या सगळ्या पालकांना थेट कळवा. शिक्षिका आणि कर्मचाऱ्यांनाही.

पत्रक मागे घ्या. मागे घेतल्याचं सगळ्या पालकांना, तितक्याच ठळकपणे जाहीर करा. ते कोणी लिहिलं हे पालकांना सांगा. त्याच्यावर लेखकाचं नाव नाही.

ज्या पालकांना शंका आहेत त्यांच्यासाठी एका बालरोगतज्ज्ञांना बोलवा आणि त्यांना भाषण करू देऊ नका. फक्त प्रश्नोत्तरं, दोन तास, लसीच्या दुष्परिणामांवरच्या प्रश्नांसह. कोणी प्रश्न विचारला म्हणून हसायचं नाही, एवढी अट दोन्ही बाजूंना घाला.

आणि हा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त दाखवा. कोणत्या माहितीवर, कोणाच्या सल्ल्यानं झाला ते आम्हाला कळू द्या.

उत्तर लेखी हवं, पंधरा दिवसांत. बैठकीला बोलावलंत तर नक्की येईन. मागच्या सभेत मला मधोमध बसवलं होतं आणि डावीकडचे सदस्य काय म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. या वेळी रांगेत डावीकडची शेवटची खुर्ची द्या, म्हणजे सगळे माझ्या उजव्या बाजूला येतील.

आपली,
इयत्ता दुसरीतल्या एका मुलीची आई